लाइटने उघडणारे लायपोसोम: सुटतं किती हे नंतर, आधी अंधारात टिकतं का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.फार्म.चा प्रोजेक्ट, अझोबेंझिन (प्रकाशाने आकार बदलणारा रेणू) असलेलं लिपिड घालून लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या भिंतीचे सूक्ष्म पोकळ गोळे, बनवलेत, ३६५ नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेट एलईडीखाली आतला कॅल्सीन हा चमकणारा डाय छान सुटतोय, ग्राफही चांगला येतोय, तर आता त्यात डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध भरून 'प्रकाशाने कंट्रोल होणारं ट्यूमरचं औषध' असं सिनॉप्सिसमध्ये लिहू का, आणि ते बरोबर नसेल तर दुसरी कुठली केमिस्ट्री घेऊ?

सरळ सांगतो, ३६५ वर काम करून ट्यूमरचं नाव घेऊ नका. पण केलेलं काम वाया गेलं असंही नाही, त्यातून काय काढता येईल ते खाली येतंच. मी बरीच वर्षं लायपोसोमवरच काम करतोय आणि माझं पक्कं मत आहे की प्रकाश पडल्यावर मेम्ब्रेन, म्हणजे गोळ्याची भिंत, उघडणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड गोष्टी दोन. प्रकाश पडायच्या आधी, ३७ डिग्रीला, सीरममध्ये, तासन्‌तास आतलं काहीही गळू न देणं ही एक, आणि जे सुटलं ते खरंच प्रकाशाने सुटलं, गरम झाल्यामुळे किंवा डायच्या करामतीमुळे नाही, हे दाखवणं ही दुसरी. बहुतेक प्रोजेक्ट सगळा वेळ सोप्या भागावर घालवतात.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. फॉस्फोलिपिड पाण्यात टाकलं की त्याचे आपोआप दोन थरांचे पोकळ गोळे होतात, आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये तेलकट भिंत, हे केंब्रिजजवळच्या बाब्राहमला अॅलेक बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास नीट मांडलं. आपल्याकडे लायपोसोम हा शब्द घराघरात गेला तो २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसच्या वेळी, लोक लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी जिल्हा-जिल्हा फिरत होते तेव्हा. कॅन्सरमध्ये डॉक्सिल म्हणजे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं, पुढे २०१२ मध्ये तिकडे त्याचा तुटवडा पडला तेव्हा आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला त्यांच्या एफडीएने परवानगी दिली होती.

प्रकाशाची भानगड का सुरू झाली हे डॉक्सिलकडे बघितलं की कळतं. त्यात औषध इतकं घट्ट बसतं की रक्तात दोन-तीन दिवस फिरत राहतं, हृदयावरचा त्रास कमी होतो, पण ट्यूमरमध्ये पोचल्यावरही ते हळूहळूच सुटतं, आणि दुसरीकडे कातडीत जाऊन हातापायांची सालं निघायचा त्रास वाढतो. म्हणजे पोचवायचं काम जमलं पण उघडायची चावी आपल्या हातात नाही. ती चावी म्हणून लोकांनी उष्णता, पीएच, एन्झाइम, अल्ट्रासाउंड सगळं करून बघितलं. प्रकाशाचं आकर्षण एवढंच की तो कुठे, कधी, किती वेळ आणि किती जोरात टाकायचा हे चारही आपण ठरवतो, बाकीच्या बहुतेक ट्रिगरमध्ये हे चारही इतक्या सहज एकत्र मिळत नाहीत.

आता तरंगलांबी. केमिस्ट्री नंतर निवडा, आधी प्रकाश कुठपर्यंत जाणार ते बघा. ३६५ चा प्रकाश कातडीत एक मिलिमीटरही धड जात नाही, वरच्या थरातच शोषला जातो, वर तिथल्या पेशींना त्रास देतो तो वेगळा. निळा-हिरवा हिमोग्लोबिन खातं. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही कमी शोषतात, तिथे काही मिलिमीटर खोल कामाचा प्रकाश मिळतो, आणि ९०० च्या पुढे पाण्याचं शोषण वाढत जातं, ९७० च्या आसपास त्याचा पीकच आहे, म्हणून ९८० चा लेझर वापरणाऱ्यांना टिश्यू तापण्याची काळजी करावी लागते. त्यामुळे लिव्हरमधल्या खोल गाठीसाठी बाहेरून प्रकाश टाकू असं लिहिलं की परीक्षक तिथेच पकडतो. डोळा, कातडी, तोंड, किंवा फायबर घालून पोचता येईल असं मूत्राशय, अन्ननलिका, या खऱ्या जागा. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट इतके आहेत आणि ती जागा प्रकाशाला इतकी सोयीची आहे, की मी तर म्हणेन मॉडेल निवडायचंच असेल तर तेच निवडा.

हे सगळं कल्पनेतलं नाही. व्हिसुडाइन म्हणजे व्हर्टेपोर्फिनचं लायपोसोमल इंजेक्शन, २००० साली मंजूर झालं, डोळ्याच्या मॅक्युलर डीजनरेशनसाठी. शिरेतून दहा मिनिटांत द्यायचं, सुरुवातीपासून पंधरा मिनिटांनी ६८९ नॅनोमीटरचा लेझर डोळ्यात टाकायचा, ६०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, ८३ सेकंद, म्हणजे ५० ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. पेशंटला पाच दिवस ऊन आणि कडक लाइट टाळायला सांगतात. यात लायपोसोम उघडायला प्रकाश लागत नाही, प्रकाश औषधालाच जागं करतो, पण लायपोसोम, डाय, लेझर आणि वेळ हे गणित दवाखान्यात बसवता येतं हे त्याने सिद्ध केलं. सिनॉप्सिसमध्ये याचा उल्लेख नक्की करा, पण 'प्रकाशाने रिलीज'चं उदाहरण म्हणून देऊ नका, अनेक जण तिथेच गफलत करतात.

केमिस्ट्रीकडे येऊ. तुमच्या अझोबेंझिनमध्ये काय होतं तर ट्रान्स रूपात रेणू सरळ लांब असतो, लिपिडच्या शेपट्यांत नीट बसतो, ३६५ पडला की सिस होतो, वाकतो, टोकांमधलं अंतर साधारण ९ वरून ५.५ अँगस्ट्रॉमवर येतं आणि रेणूला बऱ्यापैकी डायपोलही (दोन टोकांवर वेगवेगळा विद्युतभार) येतो, त्यामुळे शेजारच्या शेपट्यांची मांडणी बिघडते आणि भिंत गळायला लागते. निळा ४५० च्या आसपासचा टाकला की परत बराचसा ट्रान्स. नव्वदच्या दशकाच्या शेवटी साल्फर्डच्या बिस्बी आणि मॉर्गन यांच्या ग्रुपने दोन्ही शेपट्यांत अझोबेंझिन असलेलं लिपिड डीपीपीसी या नेहमीच्या लिपिडमध्ये मिसळून हे मस्त दाखवलं होतं, होस्ट म्हणजे मुख्य लिपिड जेल (गोठल्यासारख्या घट्ट) अवस्थेत असेल तर फरक जास्त दिसतो कारण घट्ट रचनेत वाकडा रेणू खपत नाही. एक बारकावा लक्षात ठेवा, सिस होऊन थांबल्यावर मेम्ब्रेन पुष्कळदा नव्या मांडणीत सेटल होते आणि गळती मंदावते, मागेपुढे सतत स्विच होत राहिलं तर जास्त गळतं, म्हणून काही जण अल्ट्राव्हायोलेट आणि निळा दोन्ही एकदम टाकतात. तुमच्या ग्राफमध्ये पहिल्या मिनिटात उडी आणि मग सपाट रेष येत असेल तर कारण तिकडे शोधा. लाल प्रकाशाला चालणारी अझोबेंझिन आहेत, चारही ऑर्थो (नायट्रोजनच्या जोडाशेजारच्या) जागांवर क्लोरीन किंवा मेथॉक्सी घातलेली, पण ती लिपिडवर चढवणं म्हणजे सिंथेसिसचा वेगळा प्रोजेक्ट, एम.फार्म.च्या वेळेत मी तरी कुणाला तो सुचवणार नाही.

दुसरी वाट प्रकाशाने लिपिड तोडण्याची किंवा जोडण्याची. अॅरिझोनात ओब्रायन यांनी सॉर्बिल गट असलेली लिपिड पॉलिमराइझ करून, म्हणजे एकमेकांना जोडून, भिंतीत गळकी जागा तयार केली, पर्ड्यूला थॉम्पसन यांनी प्लाझमालोजेन लिपिड घेतलं ज्याचा व्हिनाइल ईथर हा जोड सिंग्लेट ऑक्सिजनने (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) तुटतो आणि लायसोलिपिड, म्हणजे एकच शेपटी उरलेलं लिपिड, तयार होतं, मग भिंत टिकत नाही. ऑर्थो-नाइट्रोबेंझिल टाइपचे तुटणारे गटही भरपूर वापरलेत. पण त्यातले बरेचसे अल्ट्राव्हायोलेटवरच चालतात, आणि एकदा तुटलं की तुटलं, परत बंद होत नाही.

तिसरी वाट सोन्याची. सँटा बार्बराच्या झासाडझिन्स्की ग्रुपने २००८ मध्ये पोकळ सोन्याचे नॅनोशेल लायपोसोमच्या आत, बाहेर चिकटवून किंवा नुसते सोबत ठेवून निअर इन्फ्रारेड लेझरचे अतिशय छोटे पल्स टाकले आणि काही सेकंदांत आतलं सुटलं, बाहेरचं पाणी फारसं न तापता, कारण पल्समुळे कणाभोवती क्षणभर बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि तो मेम्ब्रेन फाडतो. बघायला जबरदस्त, पण त्याला फेम्टोसेकंद लेझर लागतो, आपल्या बहुतेक कॉलेजांत तो मिळणार नाही. कंटिन्युअस लेझरने सोनं तापवून डीपीपीसी ४१ डिग्रीच्या वर, म्हणजे त्याची भिंत मऊ होते त्या तापमानापलीकडे, नेणं शक्य आहे, मग ते उष्णतेने उघडणारं लायपोसोमच झालं, आणि तसं स्पष्ट लिहावं.

त्यातच इंडोसायनिन ग्रीन येतो. १९५९ पासून माणसांत वापरात असलेला डाय, ८०० च्या आसपास शोषतो, लिपिडच्या थरात जाऊन बसतो, ८०८ चा डायोड लेझर स्वस्तात मिळतो. त्रास असा की पाण्यात तो टिकत नाही, प्रकाशात फिकट होतो, आणि सीरममध्ये अल्ब्युमिनला चिकटून लायपोसोम सोडून जातो. म्हणून बफरमध्ये आलेला रिझल्ट ५० टक्के सीरममध्ये परत करून बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि चौथी वाट, मला सगळ्यात आवडणारी, पॉर्फिरिन-फॉस्फोलिपिड. २०११ मध्ये टोरंटोला लव्हेल आणि झेंग यांनी पॉर्फिरिन हा लाल प्रकाश शोषणारा डाय थेट लिपिडला जोडून पॉर्फिसोम बनवले, पुढे लव्हेल यांच्या बफेलोच्या ग्रुपने २०१४ मध्ये दाखवलं की साधारण १० मोल टक्के (दर शंभर लिपिड रेणूंत दहा) असं लिपिड नेहमीच्या लायपोसोममध्ये मिसळलं तर ६६५ च्या आसपासच्या लाल प्रकाशाने भिंत झिरपू लागते आणि डॉक्सोरुबिसिनसुद्धा काही मिनिटांत बाहेर येतं. डाय लिपिडलाच बांधलेला असल्यामुळे सहजासहजी पळून जात नाही. सुरुवातीला कारण नीट उलगडत नव्हतं, नंतर कळलं की सिंग्लेट ऑक्सिजनने असंतृप्त लिपिड ऑक्सिडाइझ होणं हा मोठा भाग आहे, म्हणून थोडं डीओपीसी हे असंतृप्त लिपिड घातलं की रिलीज वेगाने होतो. पण याचाच अर्थ ऑक्सिजन हवा, आणि ट्यूमरच्या आत तो बऱ्याचदा कमी असतो, शिवाय असंतृप्त लिपिड बाटलीत पडूनही ऑक्सिडाइझ होतं. ही देवाणघेवाण टाळता येत नाही, फक्त नीट ठरवता येते.

आता मुख्य गोष्ट, अंधारातली गळती. उघडायला सोपी केलेली भिंत स्वभावानेच थोडी सैल असते. अझोबेंझिन वाढवलं की प्रकाशातला रिलीज वाढतो आणि अंधारातलाही वाढतो. कोलेस्टेरॉल वाढवलं की दोन्ही कमी. तुम्हाला हवा आहे तो दोघांमधला फरक, म्हणून फॉर्म्युलेशनच्या टेबलमध्ये 'प्रकाशात ९० टक्के' असा एकच कॉलम असेल तर त्या टेबलला अर्थ नाही. प्रत्येक रचनेला ३७ डिग्रीला, फॉइल गुंडाळून, २४ तास, बफरमध्ये आणि सीरममध्ये वेगवेगळं ठेवा आणि तो आकडा शेजारी लिहा. अंधारात दिवसात ४० टक्के गळणारं आणि प्रकाशात ९५ टक्के सुटणारं सॅम्पल मी बाजूला ठेवेन आणि अंधारात ५ टक्के, प्रकाशात ६० टक्के असलेलं उचलेन, डोळे झाकून. आणि फॉइलबद्दल, अझोबेंझिनचं सॅम्पल खिडकीजवळच्या टेबलावर उघडं राहिलं तर दिवसाच्या उजेडानेच सिस-ट्रान्सचं प्रमाण बदलतं, म्हणून मापन सुरू करायच्या आधी स्पेक्ट्रम घ्या, ३३० च्या आसपासचा ट्रान्सचा पीक पूर्ण उंचीवर आहे ना ते बघा. पॉर्फिरिनला तर लाल सेफलाइटही (डार्करूममधला मंद दिवा) चालत नाही, तो लालच शोषतो, त्याला मिणमिणती खोली आणि फॉइल एवढाच उपाय.

कॅल्सीनचा प्रयोग सगळे करतात आणि तिथेच सगळ्यात जास्त खोटे रिझल्ट येतात, म्हणून जरा सविस्तर. कॅल्सीन पाण्यात तसा विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालत ७.४ पर्यंत न्यावं लागतं, मग गडद तांबूस-नारिंगी द्रावण होतं. ७० मिलिमोलरच्या आसपास तो स्वतःचीच चमक दाबतो, तेच आपल्याला हवंय, आत दाबलेला, बाहेर पडून पातळ झाला की चमकणार. सेफाडेक्सच्या कॉलममधून (आकाराप्रमाणे वेगळं करणारी नळी) सोडला की लायपोसोमचा किंचित गढूळ नारिंगी पट्टा आधी खाली येतो, मोकळा कॅल्सीन हिरवट-पिवळा चमकत मागे रेंगाळतो, दोघांमध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे, नाही दिसली तर कॉलम लांब घ्या. आणि कॉलमचा बफर आतल्या द्रावणाइतक्याच ऑस्मोलॅलिटीचा, म्हणजे विरघळलेल्या कणांच्या तेवढ्याच प्रमाणाचा, हवा. ऑस्मोमीटरवर आतलं मोजा आणि बाहेरच्या बफरमध्ये मीठ घालून जुळवा. बाहेरचं पातळ असेल तर पाणी आत घुसतं, गोळे फुगतात, आणि तुम्ही प्रकाश टाकायच्या आधीच भिंत ताणलेली असते, मग कुठलाही प्रकाश चमत्कार करतो.

शेवटी ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य घालून सगळं फोडायचं, तो १०० टक्के, सुरुवातीचा शून्य, मधलं त्या प्रमाणात. पण इथे तीन गोष्टी अंगाशी येतात. कॅल्सीन स्वतः प्रकाशात फिकट होतो, त्यामुळे मोकळ्या कॅल्सीनवर तेवढाच प्रकाश टाकून किती उतरला ते मोजा. अझोबेंझिन ४४० च्या आसपास शोषतो आणि स्विच झाल्यावर त्याचं शोषण बदलतं, ते कॅल्सीनच्या एक्सायटेशनच्या जवळ येतं, म्हणून सॅम्पल भरपूर पातळ करून मोजा. आणि तिसरं, जे फार कमी जण तपासतात, हे फ्लुरोसंट डाय स्वतःच प्रकाशात थोडा सिंग्लेट ऑक्सिजन तयार करून लिपिड बिघडवू शकतात, म्हणून अझोबेंझिन नसलेल्या साध्या लायपोसोममध्ये तोच कॅल्सीन भरून त्याच प्रकाशाखाली ठेवणं हा कंट्रोल सोडूच नका.

उष्णतेचा कंट्रोल वेगळा. प्रकाशाखाली सॅम्पल किती तापतं ते मोजा आणि तेवढ्याच तापमानाला वॉटर बाथमध्ये, अंधारात, तेवढाच वेळ दुसरं सॅम्पल ठेवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) प्रकाशाच्या झोतात धरू नका, धातूचं टोक स्वतः तापतं आणि खोटा आकडा देतं, लाइट बंद केल्याकेल्या बुडवून घ्या किंवा झोताच्या बाजूला ठेवा. पॉर्फिरिन घेतलं तर ऑक्सिजनचा कंट्रोल पण करा, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढला की रिलीज पडला पाहिजे, सिंग्लेट ऑक्सिजन संपवणाऱ्या सोडियम अझाइडने कमी झाला पाहिजे, जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) वाढला पाहिजे, कारण सिंग्लेट ऑक्सिजन साध्या पाण्यात साडेतीन मायक्रोसेकंदच्या आसपास जगतो आणि जड पाण्यात त्याच्या कितीतरी पट. तिन्ही गोष्टी एका दिशेने बोलल्या की यंत्रणा पक्की.

डॉक्सोरुबिसिनबद्दल तुमचा जो आराखडा आहे त्यात एक गृहीतक लपलंय, की कॅल्सीन सुटतो म्हणजे हेही सुटेल. तसं नाही. अमोनियम सल्फेट ग्रेडियंटने (हे मीठ आत जास्त, बाहेर कमी ठेवून) भरलेलं डॉक्सोरुबिसिन आत सल्फेटबरोबर स्फटिकासारखं घट्ट झालेलं असतं, गोणीत साखर दमट होऊन ढेकूळ व्हावी तसं, गोणीला भोक पाडलं तरी ढेकूळ लगेच बाहेर येत नाही. आधी ग्रेडियंट मोडायला हवा, मग विरघळून मग बाहेर. म्हणून छोट्या क्षणिक छिद्रांनी कॅल्सीन निघून जातो आणि डॉक्सोरुबिसिन आतच राहतं असं सर्रास दिसतं. ते स्वतः चमकतं, ४८० ला एक्साइट करून ५९० ला मोजता येतं, आत दाबलेलंच असतं, म्हणजे तुम्हाला वेगळा डाय नको. पण तेही प्रकाशात बिघडतं, तेव्हा रिलीज झाल्यावर एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) शुद्धता बघा. निळ्या प्रकाशाची सिस्टीम असेल तर हे खास महत्त्वाचं, कारण औषध स्वतःच तिथे शोषतं.

आणि बाटलीतल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा यासाठी थर्मोडॉक्सकडे बघा. डीपीपीसीत थोडं लायसोलिपिड घालून ४० ते ४२ डिग्रीला सेकंदांत उघडणारं लायपोसोम, ड्यूकला नीडहॅम यांच्या ग्रुपमधून आलं, प्रयोगशाळेत अप्रतिम, पण लिव्हर कॅन्सरची मोठी ट्रायल जानेवारी २०१३ मध्ये अपयशी ठरली. नंतरच्या विश्लेषणात जागा किती वेळ गरम ठेवली हा मुद्दा पुढे आला, मग जास्त वेळ गरम करायची अट घालून दुसरी ट्रायल केली, तीही यशस्वी झाली नाही. लायपोसोम उघडतं की नाही याइतकंच, ते उघडतं तेव्हा तिथे रक्तातून नवं औषध येत राहतं का, ऊर्जा सगळ्या गाठीला सारखी मिळते का, यावर सगळं अवलंबून असतं. प्रकाशाला हे अजूनच लागू, कारण खोलीबरोबर तो झपाट्याने कमी होतो.

तर तुम्ही काय करावं. एक वर्ष हातात असेल तर अझोबेंझिनचंच काम ठेवा पण शीर्षक बदला, 'प्रकाशाने मेम्ब्रेनची पारगम्यता बदलणं' असं करा, ट्यूमर काढा, वरचे कंट्रोल सगळे घाला, अझोबेंझिनचं प्रमाण आणि कोलेस्टेरॉल बदलून अंधार-प्रकाश फरकाचा नकाशा काढा. हे प्रामाणिक आणि छापण्यासारखं काम आहे. औषधाकडेच जायचं असेल आणि गाइड तयार असतील तर पॉर्फिरिन-फॉस्फोलिपिड घ्या, जोडलेलं लिपिड विकत मिळत नसेल तर पायरोफिओफोर्बाइड (पॉर्फिरिनसारखा डाय) लायसो-पीसी या एका शेपटीच्या लिपिडला जोडणं ही एका पायरीची रिअॅक्शन आहे, शुद्धीकरणाला मात्र वेळ द्या. एक्सट्रूजन, म्हणजे बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून दाबून साइज सारखी करणं, लिपिडच्या ट्रान्झिशन तापमानाच्या (भिंत मऊ होते ते) वर करा, डीएसपीसी हे लिपिड असेल तर ब्लॉक ६० च्या पुढे तापवा, नाहीतर फिल्टर फाटतो आणि साइज डीएलएसवर (कणांचा आकार मोजणारं यंत्र) दोन पीक दाखवते.

आणि पॉवर मीटर मिळवा, फिजिक्स डिपार्टमेंटमधून उसना आणा पण आणा. एलईडीच्या डब्यावर लिहिलेले वॅट म्हणजे सॅम्पलवर पडणारा प्रकाश नव्हे. सॅम्पल जिथे असतं त्याच उंचीला सेन्सर ठेवून मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर मोजा, वेळेने गुणा, ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये लिहा. १०० मिलिवॅट दहा मिनिटं म्हणजे ६० ज्यूल, व्हिसुडाइनच्या ५० च्या आसपासच. ८०८ वर गेलात तर कातडीसाठी मान्य मर्यादा साधारण ०.३३ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर धरतात, तुम्हाला २ वॅट लागत असतील तर ते थीसिसमध्ये तुम्हीच आधी लिहा आणि कमी पॉवरला जास्त वेळ देऊन तोच रिलीज मिळतो का याचा एक ग्राफ त्याच्या शेजारी ठेवा, व्हायव्हात पहिला प्रश्न बहुतेक त्यावरच येईल.